सूरज काय म्हणतो?

जुना जालना, १२ जानेवारी

चिरंजीव सूरज यास,

सप्रेम जय भीम. चिरंजीव हा शब्द पन्नाशीला टेकलेल्या माणसाला शोभत नसेल तर खोडून घे. माझ्याकडे तुझ्यासाठी दुसरा शिल्लक नाही.

पत्ता सुमितकडून मिळवला. मावसभाऊ असून त्यानं आधी कबूल करून घेतलं की मी फक्त पत्र लिहीन, गाडीत बसून गांधीधामला येणार नाही. मी म्हटलं, बाबा, दहावीचे जादा तास सुरू आहेत, निर्धास्त राहा.

आबांची अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी ब्लॉक निघाले. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मी बघत होते आणि मनात एवढंच आलं की माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस तो चौथा, तो मात्र कुठल्या पडद्यावर दिसत नाही. एरवी अशा गोष्टीवर मी स्वतःच हसले असते. खाली कँटीनमध्ये चहा घेतला. त्यात साखर होती की नव्हती, सांगता येणार नाही.

हे दिवाळीपासून चाललेलं असणार. मोंढ्यातून घरी येताना आबा दर दुकानासमोर थांबायचे आणि तुरीचा भाव विचारायचे. मला वाटलं निवृत्त माणूस आहे, वेळ घालवतो. छातीत भरून यायचं म्हणून थांबत होते. नुसतं थांबलेलं बरं दिसत नाही म्हणून भाव विचारत होते.

आता पुढचं. एक डॉक्टर म्हणतात, हातातून तार घालून अँजिओप्लास्टी करू, तीन-चार स्टेंट बसतील, दोन-तीन दिवसांत घरी. दुसरे सर्जन आहेत. ते म्हणतात, छाती उघडून बायपास करू, पायातली शीर काढून हृदयावर जोडू. आबांनी विचारलं, "मंग पायाला काय देता?" सर्जन हसले. मला वाटतं प्रश्न खरा होता. शेवटी दोघांनी मिळून सांगितलं की साखर आहे आणि तीनही नळ्या आहेत, म्हणून कल बायपासकडे. पण वय पाहता अँजिओप्लास्टी केली तरी चूक म्हणता येणार नाही. कुटुंबानं ठरवावं.

व्याकरणात याला विकल्प म्हणतात. दोन्ही रूपं शुद्ध. मुलांना मी सांगते, कुठलंही लिहा, गुण मिळतील. लिहिणाऱ्याला त्यात किती घाम फुटतो ते आता कळलं.

परतताना बसमध्ये बदनापूर आल्यावर आबा म्हणाले, "सूरज काय म्हणतो?"

जसं काही तू दर रविवारी फोन करतोस.

मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गोळ्या मी देते, साखर मी तपासते, पडदा मी पाहिला. प्रश्न तुझ्या नावानं आला. मी म्हटलं, विचारते.

तर विचारते. सूरज काय म्हणतो? एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझी ताई,
ज्योत्स्ना


जुना जालना, १९ जानेवारी

सूरज,

उत्तर नाही. पोस्टाला दोष देणार होते, पण पत्र पोचल्याचा संदेश फोनवर आला. पोस्ट खातं हल्ली नको तिथं सुधारलं आहे.

इकडे रोज दरबार भरतो. फकरोद्दीन काका अंकुशनगरपासून आबांचे सोबती, साखर कारखान्यात दोघं एकाच पाळीला होते. आता दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना स्वतःला दोन स्टेंट बसलेत, त्यामुळे ते या विषयातले अधिकारी. "पुंजारामभाई, मेरे कू देखो. सुबे अंदर गया, परसों घर आके बैंगन खाया. छाती कायकू फाडना?" आबा म्हणतात, "तुझ्या दोन होत्या. माझ्या तीन हायेत." "तो एक स्टेंट ज्यादा लगता, और क्या!"

ज्यानं आयुष्य बॉयलरवर काढलं त्याला हृदय समजावणं अवघड नाही. उलट फार लवकर समजतं आणि तिथंच घोळ होतो. सोमवारी आबा म्हणाले, "नळी साफ होत असंल तर मशीन कामून खोलायची?" मंगळवारी म्हणाले, "साफ केलेली नळी पुढल्या हंगामात परत धरती. बदललेली बरी." बुधवारी म्हणाले, "मशीनच जुनी झाली. ऱ्हाऊ द्या." मग पुन्हा सोमवारपासून. मला त्यांचा बुधवार आवडत नाही. डॉक्टर म्हणालेत, महिन्याच्या आत काहीतरी करा, असंच ठेवू नका. परवा न्हाणीतून खोलीपर्यंत येताना ते मध्येच भिंतीला टेकले. तिथं विचारायला कुठल्या दुकानाचा भावही नव्हता.

माझं मत बायपास. दोन्ही डॉक्टरांना मी प्रश्न विचारून घेतले. साखरेच्या माणसाच्या नळ्या स्टेंटनंतर पुन्हा बंद होण्याची भीती जास्त. वय आहे, जोखीम आहे, ती धरूनही बायपास. हे घरात कोणाला बोललेले नाही. कोणी विचारलेलं नाही.

तू काही बोलत नाहीस, तेव्हा तुझ्या नावावर थोडा उद्योग करणार आहे, आधी सांगून ठेवते. तू लहानपणी पाऊस येणार म्हणालास की आबा पापड वाळायला बाहेर ठेवायचे. तू पाचवीत असताना म्हणालास, ताई संस्कृत घेऊन काय करणार, आणि दुसऱ्या दिवशी आबांनी शाळेत जाऊन माझं नाव संस्कृतच्या वर्गात घातलं. बौद्धवाड्यातली पोरगी आणि देवभाषा, सगळा वर्ग वळून बघत होता. माझी अख्खी नोकरी तुझ्या एका विरोधावर उभी आहे. इतकी भरवशाची यंत्रणा घरात असताना ती वापरायची नाही?

तर आज संध्याकाळी आबांना सांगेन, सूरज अँजिओप्लास्टी म्हणतो. सकाळपर्यंत ते बायपासला तयार होतील.

ज्योत्स्ना


जुना जालना, २० जानेवारी

सूरज,

आबा अंगणात हरभरा सोलत बसले होते. मी म्हटलं, "सूरजचा फोन आला होता."

हात थांबले. "फोन आल्ता?"

"हो."

"कव्हा?"

"दुपारी."

"आवाज कसा होता त्याचा?"

याची तयारी मी केलेली नव्हती. म्हटलं, "सर्दी झाल्यासारखा."

"थंडीत त्याला व्हतीच," आबा म्हणाले. मग बराच वेळ एकच घाटा हातात धरून बसले. मला वाटलं विसरले. मी आपणहून पुढे सरकवलं, "तो म्हणतो, अँजिओप्लास्टी करा. छाती उघडू नका म्हणतो."

मी वाट बघत होते. आता म्हणतील, त्याला काय कळतं. आता म्हणतील, त्याला म्हणावं तिकडं गांधीधामला बसून शहाणपण शिकवू नको.

"मंग तेच करू," आबा म्हणाले. "सगुणाच्या टायमाला त्याचं ऐकलं न्हाई. ह्या टायमाला ऐकतो."

आणि हरभरा सोलायला लागले.

मी आत जाऊन भाकरी केल्या. आपण तीनदा घर बदललं, पण तव्याची जागा बदलली नाही, त्यामुळे हात आपोआप चालतात.

आईच्या आजारपणाचं मी तुला काय सांगू. तू तिला उपचाराला हैदराबादला न्यायला निघाला होतास, गाडी ठरवली होतीस. आबा म्हणाले, गळीत चालू आहे, बॉयलर सोडून येता येत नाही, हंगाम संपला की नेऊ. हंगाम संपला तेव्हा न्यायला कोणी उरलं नव्हतं. तिच्या पुण्यानुमोदनाला सगळी मंडळी बसलेली असताना तू म्हणालास, "तुमचा बॉयलर तर वाचला ना?" तू गेलास. तुला वाटत असेल, त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. काढायचे. माझ्यापुढे नाही, फकरोद्दीन काकांपुढे काढायचे.

तुझ्याविरुद्ध जाण्याची त्यांची खोड मला पक्की पाठ होती. एवढ्या वर्षांत ती कधी सुटली, ते मला दिसलं नाही. एकाच घरात राहून.

ज्योत्स्ना


जुना जालना, २६ जानेवारी

सूरज,

झेंडावंदन करून आले. मुलांना लाडू वाटले, स्वतः एक खाल्ला, असं आठवतं.

अँजिओप्लास्टीची तारीख मिळाली, दोन फेब्रुवारी. एक तारखेला दाखल व्हायचं. आबांनी दाढी करून घेतली. केस कापणाऱ्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, शेजारच्या उषाबाईंना दोनदा सांगितलं: आमचा सूरज म्हणला, छाती उघडू नका. फकरोद्दीन काका आपलाच विजय झाल्यासारखे बसलेले असतात. खैरुनबी काकूंनी खीर पाठवली, साखर न घालता. ती आबांनी तुझ्या नावानं खाल्ली. अंगणातून खोलीपर्यंत येताना ते अजून थांबतात, पण थांबल्यावर हसतात. हे मला जास्त जड जातं.

मी दुरुस्तीचा प्रयत्न केला. परवा म्हटलं, "सूरजचा पुन्हा फोन होता. त्यानं तिकडे मोठ्या डॉक्टरला विचारलं. आता तो बायपास म्हणतो."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "न्हाई."

"काय नाही?"

"तो शब्द फिरवणारा न्हाई. वाकडं बोलंल, मरस्तोर बोलणार न्हाई, पण फिरवणार न्हाई. तुला बराबर ऐकू आलं नसंल."

"आबा, मला ऐकू येतं."

"तसं असंल तर त्यानं सवता माझ्याशी बोलावं. मंग बघू."

बघ, किती ओळखतात तुला. मी घडवलेला सूरज त्यांनी एका वाक्यात जागेवर आणून बसवला.

खरं सांगून टाकावं असं वाटतं. सूरजचा फोन आलाच नव्हता, तो काही म्हणालाच नाही. मग स्टेंट थांबतील. पण सर्दी झालेला आवाजही जाईल. दुपारी ते मला विचारतात, "गवती चहा घेतो का म्हणावं तो?" हे काढून घ्यायचं आणि मग त्याच माणसाची छाती उघडायला न्यायची. मी दोनदा अंगणापर्यंत गेले. दोन्ही वेळा हरभऱ्याची टरफलं गोळा करून परत आले.

मी तुला दोनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा तू बोल. माफ कर म्हणू नकोस, कसे आहात म्हणू नकोस. त्यांचा नंबर जुनाच आहे, बटणांचा फोनही तोच. बायपास, एवढाच शब्द. पुढचं मी बघते.

एक तारखेपर्यंत.

ताई


संभाजीनगर, १ फेब्रुवारी

सूरज,

तुझी बाजू तुला माहीत आहे. इकडची लिहिते.

आबांना कॉटवर घेतलं होतं, हातात सुई लावलेली. फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आणि सदरा माझ्या मांडीवर. वाजला तेव्हा मी अनोळखी आकडे बघितले आणि तसाच त्यांच्या हातात दिला. ते उठून बसले. नर्स ओरडली, आजोबा, पडून राहा. ते बसूनच राहिले.

मला एवढं ऐकू आलं. "हां." मग, "हां. बोल." मग बराच वेळ काही नाही, इतका की फोन कट झाला असं मला वाटलं. मग, "जेवला का?" मग, "इथं दवाखान्यात बराबर हाये सगळं. तू म्हणला तसंच करून राह्यलो. स्टेंट."

मी खिडकीकडे तोंड केलं. खाली गाड्या लावायची जागा होती. आता तू मला उघडं पाडणार. पाडायला हवंच, असंही वाटत होतं.

"बरं," आबा म्हणाले. "बरं. सर्दी कशी हाये?"

आणि मग, "कमी हाये? हां. वाफ घे."

तिथं मी खिडकीची कड धरली. बाकी काही नाही, फक्त धरली.

फोन ठेवल्यावर त्यांनी तो स्वतःच उशीखाली सरकवला. मग म्हणाले, "सूरज म्हणतो, ताईला विचारा. ती म्हणंल तसं करा म्हणतो."

मी मांडीवरच्या सदऱ्याची घडी घातली.

"मंग बोल की. काय करायचं?"

"तुमच्या मनात काय आहे, आबा?"

"माझ्या मनातलं कोण विचारून राह्यलं? ह्या टायमाला त्याचं ऐकायचं ठरवलंय. तो म्हणतो तुला विचारा. बोल."

सूरज, मी वर्गात उभी राहिले की शब्द शोधावा लागत नाही, हे तुला माहीत आहे. तू त्यावरून मला रेडिओ म्हणायचास. इथं एक शब्द होता, महिनाभर तयार होता. तो बाहेर यायला वेळ लागला.

"बायपास," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

आबांनी मान हलवली. मग विचारलं, "मंग इतके दिस बोलली कामून न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाले. "हे बराबर हाये."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवून काही दिवस जाऊ द्यावे लागतील. मग ऑपरेशन.

म्हणजे मला विचारायलासुद्धा तुझी शिफारस लागली. याबद्दल आभार मानावेत की भांडावं, ठरत नाही. दोन्ही रूपं शुद्ध धरून चाल.

सर्दीबद्दल मात्र आभार.

ताई


संभाजीनगर, १० फेब्रुवारी

सूरज,

सकाळी आत नेलं. दुपारपर्यंत चालेल म्हणाले.

फकरोद्दीन काका सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. वॉर्डाच्या दारातून आबांना म्हणाले, "जाव पुंजारामभाई, मेरी बात तो सुनी नहीं. अब आके बताना कौन सही था." आबा म्हणाले, "न्हाई आलो तर ज्योत्स्ना सांगंल." वॉर्डबॉयला काही कळलं नाही. मला कळलं. आता काका बाकावर डोळे मिटून बसलेत. ओठ हलतात, म्हणजे झोपलेले नाहीत.

मी सराव परीक्षेचे पेपर आणलेत. एका मुलानं हृदय शब्द चालवताना मध्येच सोडून दिला आहे आणि पुढे रेघ मारली आहे. गुण किती द्यावेत कळत नाही. त्याच पेपरवर मघापासून बसले आहे. भीती वाटायला हवी, ती वाटत नाही. समोरच्या भिंतीवर चप्पल बाहेर काढा असं लिहिलंय आणि सगळे चप्पल घालून बसलेत.

एक गोष्ट आजच लिहून ठेवते, निकाल कळायच्या आधी. नंतर लिहिली तर तिला किंमत राहणार नाही. आत काही झालं, तर शब्द माझा होता. मीच म्हणाले. तू म्हणालास ताईला विचारा, त्यापलीकडे काही म्हणाला नाहीस, आणि स्टेंट तर तू कधीच म्हणाला नव्हतास. आईच्या वेळी तू बरोबर होतास. बरोबर असण्याचंही ओझं असतं, आणि ते घेऊन तू इतक्या लांब जाऊन बसलास, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. हे ओझं तुझं नाही. हे माझ्याकडे राहू दे. मी मोठी आहे.

दार उघडलं की सगळे उठतात. आत्ता उघडलं. आपलं नाव नव्हतं.

ताई


संभाजीनगर, १३ फेब्रुवारी

चिरंजीव सूरज यास,

इथल्या कँटीनचा चहा फार गोड आणि पाणचट असतो. आज कळलं.

आबा शुद्धीवर आहेत. श्वासाची नळी काढली. खोकताना छातीशी उशी धरायला शिकवलंय, ती ते खोकला नसतानाही धरून बसतात. फुंकून तीन गोळे वर उडवायचं एक खेळणं दिलंय. दोन उडतात. तिसऱ्याला ते बॉयलरच्या भाषेत शिव्या देतात, नर्सला वाटतं संस्कृत आहे, कारण तिला कोणीतरी माझा विषय सांगितला.

पायाला लांब टाका आहे. तो बघून म्हणाले, "म्हणलं होतं ना, पायाला काय देणार?"

काल बोलायला बंदी होती. आज सकाळी पहिलं नीट वाक्य बोलले. बोटानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"लई दुखून राह्यलं," आबा म्हणाले. "सूरजला लिही, हे ज्योत्स्नानं ठरवलंय."

लिहिलं.

तुझी ताई